जुन्या गाड्यांची मोरगाव फेरी

दारात पद्मिनी असेल, ॲम्बेसिडर असेल, बीटल असेल नाहीतर विलीज जीप, आणि क्लबातल्या आठ-दहा जणांनी एका दिवसाची फेरी ठरवली असेल, तर या, बॉनेट उघडा. आपण पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी करत मोरगावला जाणार आणि त्याच वाटेनं परत येणार. जाऊन-येऊन साधारण १३० ते १४० किलोमीटर. एक घाट, दोन देवस्थानं, भरपूर शेतं आणि मधे हुरडा. खाली दिलेल्या क्रमानं चला, पुढची पायरी आधी करू नका.

हाताशी हे ठेवा: जास्तीचा फॅनबेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, फ्यूज, होजच्या चार क्लिपा, हातभर पेट्रोल पाइप, प्लगचा पाना, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, तारेचं भेंडोळं, टॉर्च, जॅक आणि टोमी, चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे, पाच-पाच लिटर पाण्याचे दोन कॅन, दोन जाड सुती फडकी, लिटरभर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ओढायचा दोर आणि एक छोटं अग्निशामक.

आठवडाभर आधी

१. दिनदर्शिका काढा आणि थंडीतला एक शनिवार निवडा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा गार असते, इंजिन खूश असतं आणि शेतात हुरडा असतो. रविवार नको, तो खंडोबाचा वार, जेजुरीत गाडी हलणार नाही. संकष्टी आणि माघी गणेश जयंतीला मोरगाव भरलेलं असतं, तर सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीला जेजुरी. शनिवारीच चतुर्थी येत असेल तर पुढचा शनिवार धरा.

२. पुढची गाडी कोणाची ते ठरवा. रस्ता पाठ असलेला आणि घाई नसलेला माणूस इथे हवा. सगळ्यात दणकट गाडीवाला पुढे घातलात तर मागचे सगळे दिवसभर त्याच्या मागे धावत राहतील.

३. शेवटची गाडी कोणाची तेही आत्ताच ठरवा. हात काळे करायला न लाजणारा, मेकॅनिकचं काम येणारा माणूस शेवटी. तो कोणालाही मागे टाकून पुढे जाणार नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

४. सगळ्यात मंद गाडी पुढच्या गाडीच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या नंबरवर लावा. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. मंद गाडी मागे असली की ती एकटी पडते, तिचा मालक इंजिन ताणतो आणि घाटात ती तापते. दुसऱ्या नंबरवर ती असली की सगळा ताफा आपोआप तिच्या चालीनं चालतो.

५. वळणांचा एक कागद तयार करा. हडपसर, फुरसुंगी फाटा, वडकी, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं की नाही ते एका ओळीत. मोठ्या अक्षरात लिहा. जुन्या गाडीत फोन लावायला जागा नसते, चार्जिंगला तर नसतेच.

६. कागदपत्रं काढून तारखा वाचा. विमा, पीयूसी आणि नोंदणी, तिन्ही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावं लागतं, आणि ही तारीख हमखास विसरली जाते. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर घेतला असेल तर ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. आपली फेरी परवानगीत बसते का, हे नोंदणी कार्यालयात आधीच विचारून घ्या.

७. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा. टीव्हीच्या खोक्याचा उत्तम. चारही चाकं कुठे येतात तेवढं पेनानं खुणा करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग कुठून पडला ते कळेल.

८. सकाळी पुठ्ठा ओढून डाग बघा. इंजिनाखाली एक-दोन काळे थेंब असले तर जुन्या गाडीत चालून जातं. चाकाच्या आतल्या बाजूला निसरडा, पाण्यासारखा डाग दिसला तर ते ब्रेक ऑइल आहे. मग गाडी थेट मेकॅनिककडे, आणि फेरीचा विचार नंतर.

९. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून फसू नका. गाडी उभीच राहिली तर नक्षी तशीच राहते आणि रबर मात्र कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला.

१०. पेट्रोलचा रबरी पाइप टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बोटांनी चाचपत जा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुनं रबर त्यानं मऊ पडतं, फुगतं, तडकतं. पाइप चिकट लागला किंवा वाकवल्यावर भेग उघडली तर इथेनॉल चालणारा नवा पाइप टाका. यात कंजुषी अजिबात नको, खाली गरम मॅनिफोल्ड असतो.

११. रेडिएटरचे दोन्ही होज दाबून बघा. लोण्यासारखे मऊ नकोत, लाकडासारखे कडक नकोत. क्लिपा स्क्रूड्रायव्हरनं अर्धा फेरा आवळा. जास्त आवळलंत तर होज कापला जाईल.

१२. फॅनबेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर आत गेला पाहिजे. त्याहून सैल असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप मंद फिरतो आणि गाडी तापते. त्याहून ताठ असेल तर बेअरिंगचा बळी जातो.

१३. ब्रेक ऑइलची डबी उघडून रंग बघा. चहासारखं काळपट झालं असेल तर सगळं बदलून हवा काढून घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि लांब उतारावर तेच पाणी उकळून पेडल पोकळ होतं. गाडीच्या रंगावर एकही थेंब सांडू देऊ नका, रंग उचलला जातो.

१४. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि पॉइंट साफ करा. गॅप गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवा, फीलर गेजनं मोजून. "अंदाजानं बसवलाय" असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातून गेज घ्या आणि स्वतः मोजा.

१५. गाडी २० किलोमीटर फिरवून आणा. मोकळ्या रस्त्यावर एकदा जरा जोरात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली तर ब्रेकचं काम बाकी आहे. ही चक्कर टाळून थेट ताफ्यात येऊ नका, नाहीतर तुमची चाचणी सगळ्यांच्या वेळात होईल.

शुक्रवारी

१६. पेट्रोल भरा. टाकी अर्ध्याच्या खाली ठेवू नका, जुन्या टाकीच्या तळाला गाळ असतो आणि तो नेमका घाटात जेटमध्ये जाऊन बसतो. अगदी गळ्यापर्यंतही भरू नका, उन्हात झाकणातून बाहेर येतं.

१७. सगळे दिवे लावा आणि कोणाला तरी मागे उभं करा. ब्रेकचा दिवा, मागचे दोन, इंडिकेटर, हेडलाइट. मंद पेटणारा दिवा म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगची गंजलेली जोडणी. काचकागदानं घासा, पेटेल.

१८. सामान डिकीत एकाच पेटीत भरा. पाना खाली, स्टेपनी त्याच्यावर आणि सगळ्यावर जेवणाचे डबे असं रचू नका. ठोकळे आणि फडकी सगळ्यात वर.

१९. अग्निशामक मात्र डिकीत नाही, चालकाच्या हाताला लागेल असं सीटखाली बांधा. एबीसी पावडरचं, किलोभराचं तरी हवं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते आत्ताच बघा.

२०. दिवे घाट चालू आहे का, याची चौकशी करा. रस्त्याच्या कामासाठी घाट काही वेळ बंद ठेवणार असतील तर त्याप्रमाणे निघण्याची वेळ बदला. बोपदेव घाटानं जाऊ असं कोणी सुचवेल. तिथला चढ खडा आहे, जुन्या गाड्यांच्या ताफ्याला मी तो सुचवणार नाही.

शनिवारी पहाटे, घरी

२१. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं पाणी बघा. कमी असेल तर भरा, झाकण शेवटपर्यंत बसलंय याची खात्री करा.

२२. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि ऑइल मोजा. गाडी सपाट जागेवर हवी. दोन खुणांच्या मधे असेल तर पुरे. वरच्या खुणेच्या पुढे भरलंत तर ते जळून धूर होईल आणि मागच्या गाडीवाल्याला दिवसभर तोच खावा लागेल.

२३. चोक ओढा आणि सेल्फ मारा. पाच-सात सेकंदांच्या वर सेल्फ दाबून धरू नका, सोडा, दमा, पुन्हा मारा. पेट्रोलचा वास यायला लागला तर ॲक्सिलरेटर पंप करणं थांबवा, गाडी फ्लड झालीय. चोक आत ढकला, दहा मिनिटं थांबा.

२४. बॅटरी बसली असेल तर दुसऱ्या गीअरमध्ये धक्का मारून चालू करा. जंपर केबल लावणार असाल तर आधी दोन गोष्टी विचारा: बॅटरी ६ व्होल्टची की १२ ची, आणि बॉडीला कुठलं टोक जोडलंय? काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. न बघता लावलेली केबल दोन्ही गाड्यांची वायरिंग जाळू शकते.

२५. इंजिन एकसारखं चालायला लागलं की चोक हळूहळू आत ढकला. विसरून ओढलेलाच राहिला तर हडपसरपर्यंत प्लग काळे होतील.

२६. जवळच्या पंपावर जाऊन चारही टायरांत हवा भरा, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. पाचवी स्टेपनी विसरू नका. टायर गार असतानाच मोजायचं, म्हणून लांबचा पंप नको.

हडपसरला

२७. सहा वाजता सासवड रस्त्याला लागल्यावरच्या ठरलेल्या मोकळ्या जागी पोहोचा. पंपाची जागा असेल तर मालकाला आधी विचारलेलं असू द्या. सात वाजून गेले की या रस्त्यावर ट्रक आणि कंपन्यांच्या बस वाढतात. गर्दीत क्लच दाबून दाबून गाडी घाटाच्या आधीच तापलेली असते.

२८. गाड्या पाच-पाचच्या दोन गटांत लावा. दहा गाड्यांची अखंड रांग केलीत तर मागून येणाऱ्या दुचाकीला आणि एसटीला पुढे जायला फट मिळत नाही, आणि मग ते कुठेही घुसतात.

२९. सगळ्यांना उतरवून एक नियम तोंडपाठ करून घ्या: तुमच्या मागची गाडी आरशात दिसलीच पाहिजे. दिसेनाशी झाली तर हळू व्हा, तरीही दिसली नाही तर बाजूला थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा त्याच्या आरशात बघून थांबेल, आणि असं होत होत पुढची गाडीही थांबेल. कोणी फोन लावायची गरज नाही.

३०. वळणाचा नियमही आत्ताच सांगा. वळण आलं की वळण्याआधी थांबायचं, मागचा दिसला आणि त्यानं तुम्हाला वळताना बघितलं की मगच पुढे जायचं. एवढं केलंत तर कोणी चुकून भलत्याच रस्त्याला लागणार नाही.

३१. निघा. दोन गाड्यांत पन्नास मीटर तरी सोडा. पुढच्याच्या बंपरला चिकटून जाल तर तुमच्या रेडिएटरला त्याचा गरम वारा मिळेल, आणि त्यानं ब्रेक दाबला तर तुमच्या ड्रम ब्रेकला तेवढ्यात थांबणं जमणार नाही.

३२. वेग कमी करताना हात बाहेर काढून खाली-वर करा. तुमचे मागचे दिवे बारीक आहेत, आणि मागचा दुचाकीवाला तुमच्या गाडीचे फोटो काढण्यात गुंतलेला असू शकतो. हात मात्र दिसतो.

दिवे घाट

३३. वडकी ओलांडल्यावर, चढ सुरू होण्याआधी, रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं थांबा. काटे बघा, मागचे आले का बघा. इंजिन चालूच ठेवा म्हणजे पाणी फिरत राहील.

३४. चढाच्या आधीच खालचा गीअर टाका. दम लागल्यावर गीअर बदलायला जाल तर गाडी चढावरच थांबेल. बहुतेक गाड्यांना इथे दुसरा गीअर पुरतो.

३५. संथ चढत राहा. ट्रकच्या मागे अडकलात तर अंतर वाढवा, त्याचा धूर आणि गरम हवा घेत चिकटून जाऊ नका. उजवीकडे खाली मस्तानी तलाव दिसायला लागेल. तो बघायला शेजारी बसलेल्याला सांगा, तुम्ही रस्त्याकडे बघा.

३६. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर पहिल्या रुंद जागी बाजूला घ्या. वळणावर नाही, मागून ट्रक येत असताना तर नाहीच. अजून वाफ येत नसेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा, काटा उतरायला लागतो. वाफ येत असेल तर लगेच बंद.

३७. चाकाखाली ठोकळा लावा. ठोकळा नसेल तर दगड चालेल, पण निघताना तो उचलून कठड्यापलीकडे ठेवायचाच. घाटात पडलेला दगड रात्री येणाऱ्या दुचाकीला दिसत नाही.

३८. अर्धा तास थांबा. हीच पायरी सगळ्यांना जड जाते. एकदा मी पंधरा मिनिटांतच रेडिएटरच्या झाकणाला हात घातला होता, आणि मनगटावरचा डाग पुढे दोन वर्षं टिकला. तुम्ही अर्धा तास थर्मासमधला चहा प्या, बाकीच्यांनाही द्या.

३९. झाकणावर ओलं जाड फडकं टाका आणि फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या. तोंड लांब ठेवा.

४०. इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं ओता. बंद, तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलंत तर हेड तडकू शकतो.

४१. काटा ठीक आहे, पण गाडी आचके देऊन बंद पडली, तर एसी पंप, म्हणजे पेट्रोलचा पंप, बघा. इंजिनाच्या उष्णतेनं पंपात पेट्रोलची वाफ अडकते आणि कार्बोरेटरपर्यंत काही पोहोचत नाही. पंपावर आणि पाइपवर गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा लागते. फडकं कॉइलवर आणि डिस्ट्रिब्युटरवर ठिबकणार नाही एवढं सांभाळा.

सासवडला

४२. गाडी लावली की उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. स्पर्श नको, नुसती धग बघा. तीन कोमट आणि एक फणफणलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. शेवटच्या गाडीतल्या मेकॅनिकला आत्ताच बोलवा. परतीचा घाट उतरायचा आहे हे लक्षात ठेवा.

४३. नाश्ता करा. कऱ्हेकाठचं संगमेश्वराचं देऊळ बघायला अर्धा तास काढलात तर इंजिनंही निवतात. सगळे एकदम गेलात तर गाड्या एकट्या राहतील, दोघं तरी थांबा.

४४. रस्त्याकडेला अंजिरं दिसली तर थांबा आणि घ्या. पुरंदरची अंजिरं गाडीत मागच्या काचेशी उन्हात ठेवू नका, मोरगावला पोहोचेपर्यंत त्यांचा मुरांबा होईल.

जेजुरी आणि पुढे

४५. जेजुरीत गाड्या गावाच्या बाहेरच मोकळ्या जागी लावा. गल्ल्यांत शिरलात तर वळवायला जागा नाही आणि रिव्हर्समध्ये क्लच जळतो.

४६. पायथ्यावरून दर्शन घ्या. गड चढायचा तर वेगळा दिवस काढा. ताफ्यातले निम्मे वर आणि निम्मे खाली झाले की जेवणाची वेळ हातून जाते.

४७. भंडारा उधळला की गाडीत बसण्याआधी कपडे झटका. कापडी सीटवर पडलाच तर हातानं पुसू नका, आत घासला जाईल. त्याचं काय करायचं ते पायरी ५७ मध्ये आहे.

४८. मोरगाव रस्त्यावर उसाची ट्रॉली पुढे असेल तर लांब मागे राहा. गाळपाच्या दिवसांत एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बाजूनं ऊस बाहेर आलेला असतो. ओव्हरटेक करायला लागणारं अंतर तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट आहे. समोरचा रस्ता लांबपर्यंत रिकामा दिसला तरच जा, आणि एका वेळी एकच गाडी.

मोरगावला

४९. आधी मयूरेश्वराचं दर्शन, मग जेवण. उलट केलंत तर दुपारी कोणी उठणार नाही.

५०. हुरड्याच्या शेतात गाडी नेताना आधी पायी जाऊन जमीन तपासा. काळ्या रानात कालच पाणी दिलं असेल तर वरून कोरडी दिसते आणि चाक अर्ध्यापर्यंत रुततं. कडक बांधाजवळची किंवा मुरमाची जागा शोधा.

५१. वाळलेल्या गवतावर, कडब्याजवळ गाडी उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो आणि कडबा पेटायला ठिणगीही लागत नाही. शेतकऱ्याची वर्षाची वैरण तिथे रचलेली असते.

५२. आगटीभोवती बसा आणि हुरडा गरम असतानाच खा. लसणाची चटणी, गूळ, दही, भाजलेले शेंगदाणे सगळं घ्या. आगटी आणि गाड्या यांच्यात भरपूर अंतर ठेवा, आणि वारा आगटीकडून गाड्यांकडे वाहत असेल तर गाड्या हलवा.

५३. गावातली पोरं जमली की त्यांना गाडीत बसू द्या. किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला, गीअरमध्ये टाकलेली गाडी, एवढं झालं की बिनधास्त. हॉर्न वाजवू द्या. एखादे आजोबा येऊन "आमच्या साहेबांकडं हीच व्हती" म्हणतील, त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि बांधापर्यंत एक चक्कर मारून आणा. माझ्या मते पूर्ण दिवसातलं सगळ्यात चांगलं काम हेच.

परत

५४. तीन वाजता निघा, कोणी कितीही "अजून थोडं" म्हणालं तरी. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि जुन्या गाडीचा हेडलाइट समोरच्या एलईडीपुढे काहीच नाही. घाट उजेडात उतरायचा.

५५. दिवे घाट ज्या गीअरनं चढलात त्याच गीअरनं उतरा. न्यूट्रल करू नका, इंजिन बंद तर मुळीच नाही. ब्रेक दाबून धरायचा नसतो, दाबायचा आणि सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल खाली जायला लागलं तर बाजूला घ्या आणि ड्रम निवेपर्यंत थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

५६. घरी पोहोचल्यावर शेवटच्या गाडीवाल्याला कळवा. तो सगळ्यांचे निरोप आल्याशिवाय झोपणार नाही, त्याला ताटकळत ठेवू नका.

घरी

५७. सीटवरचा भंडारा कोरड्या मऊ ब्रशनं वरच्या वर झटका, मग व्हॅक्यूमनं ओढा. साबण नको. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, आणि तो निघता निघत नाही.

५८. इंजिन निवलं की पुन्हा पाणी आणि ऑइल मोजा. सकाळच्या मापाशी ताडून वहीत लिहा: किती किलोमीटर, किती पाणी, किती ऑइल. ऑइल एकदम खूप उतरलं असेल तर मेकॅनिकला हाच आकडा दाखवा.

५९. आठवड्यापूर्वीचा तोच पुठ्ठा उलटा करून गाडीखाली सरकवा. चाकांच्या खुणा पुन्हा करा.

६०. रविवारी सकाळी, चहा पिण्याआधी, पुठ्ठा ओढून बघा. मधे हिरवट किंवा साधं पाणी असेल तर होजची क्लिप. काळा डाग गेल्या वेळेपेक्षा मोठा असेल तर ड्रेन प्लग आवळा. चाकापाशी निसरडं काही दिसलं तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.